रंग छड्डो जी

चंदीगडात पहिल्याच सकाळी मी दुधाची पिशवी आणायला बाहेर पडलो आणि हरवलो. आमच्या इंदापुरात हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. दर दहा पावलांवर कुणीतरी ‘काय गुरुजी, कुठं निघालात?’ असं विचारतंच. इथे विचारायला रस्त्यावर माणूस नव्हता आणि मोबाइल भाच्याच्या घरी चार्जिंगला. डावीकडे वळलो तर लाल विटांची भिंत, सिमेंटची जाळी, दारात कडुनिंब. उजवीकडे वळलो तर तीच भिंत, तीच जाळी, तोच कडुनिंब. चौक काटकोनात कापलेला, पुढचा चौकही काटकोनातच. शेवटी एक फाटक ओळखीचं वाटलं म्हणून बेधडक उघडलं, तर आतून एक बाई म्हणाल्या, “किसके घर जाना है जी?” माझ्या हातातलं दूध बघून त्यांना मी दूधवाला वाटलो असणार.

घरी आल्यावर भाचा पोट धरून हसला. “मामा, सगळेच हरवतात. सेक्टर म्हणजे आठशे मीटर बाय बाराशे मीटरचा चौकोन, एकाशेजारी एक लावलेला. मधल्या भागातल्या समोरासमोरच्या दोन सेक्टरांचे नंबर मिळवून बघा, नववा आणि सतरावा, सव्वीस. सतरावा आणि बाविसावा, एकोणचाळीस. दोन्ही तेराच्या पाढ्यातले.” गंमत म्हणजे मूळ आराखड्यात तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता. हल्ली मनीमाजऱ्याला तो आकडा दिलाय. आयुष्यभर गणित शिकवलं, पण पाढ्यांवर बसवलेलं गाव पहिल्यांदाच पाहिलं.

आणखी एक अचंबा. मार्च संपत आला होता, होळी होऊन गेलेली, आणि रस्ताभर पानगळ चाललेली. आपल्याकडे पानगळ थंडीबरोबर सुरू होते नि संपते. इथे ऐन वसंतात पिंपळ-पिलखणीची पानं पोत्यांनी झाडून नेत होते, आणि त्याच फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी डोकावत होती. जुनी उतरवायची आणि नवी चढवायची, दोन्ही एकाच आठवड्यात. हे मी सांगतोय ते उगीच नाही. त्या आठवड्यात मी पाण्यावरही तेच बघत होतो.

मी आलो होतो पाखरांसाठी. भिगवणला, उजनीच्या पाणफुगवट्यावर, वीस-बावीस हिवाळे दुर्बीण गळ्यात घालून काढलेले. कुंभारगावच्या नाववाल्यांना मी लांबूनच ओळखू येतो. त्यामुळे थोडा ताठा होता, खोटं कशाला बोलू. आमच्याकडून फेब्रुवारीअखेर बदकं उठायला लागतात आणि मार्चमध्ये पाणी ओकंबोकं होतं. ती उत्तरेकडे जातात हे पुस्तकात वाचलेलं. हिमालय ओलांडण्याआधी ती डोंगराच्या उंबरठ्यावर कुठे थांबतात, कशी दिसतात, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. भाचा म्हणाला, “या की. सुखना घरापासून दहा मिनिटांवर आहे.”

सुखना हा तलाव आहे असं इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि तो माणसाने केलेला आहे हे सांगितलं तर पाहुण्याला खरं वाटत नाही. शिवालिकच्या टेकड्यांतून सुखना नावाचा चो उतरतो. चो म्हणजे आपला ओढाच, पण वर्षातले दहा महिने वाळू होऊन पडलेला आणि पावसाळ्यात अंगात आल्यासारखा धावणारा. १९५८ साली त्याला मातीचा बांध घालून अडवलं. शहराचा आराखडा करणारे ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांचं हे काम. बांधावर वाहन येता कामा नये आणि पाण्यात मोटरबोट चालता कामा नये, हा कॉर्बुझिए यांचा हट्ट. त्यांचे चुलतभाऊ पिएर जनरे या शहरात इतके रमले, की १९६७ मध्ये जिनिव्हात वारल्यावर त्यांची रक्षा त्यांच्या इच्छेप्रमाणे या पाण्यात सोडली गेली. स्वित्झर्लंडच्या माणसाला तळ्यांची काय वानवा? पण त्याने हे तळं निवडलं.

पहाटे सहाला बांधावर पोचलो तर अर्धं गाव तिथे चालायला आलेलं. ट्रॅकसूट, पगड्या, सलवार-कमीज, एक आजीबाई हातात माळ घेऊन जपही करतायत आणि झपाझप चालतायतही. पण आवाज नाही. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी आषाढीच्या आधी पंढरपुरात कधी पाहिली नाही, नंतरही नाही. समोर शिवालिकच्या बुटक्या टेकड्या आणि त्यांच्या मागे, जरा निळसर, कसौलीचा डोंगर.

पाण्यावर पाखरं होती. भरपूर होती. आणि सगळी काळी होती.

झालं असं की, बांधावरून रेग्युलेटरच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दारांच्या टोकाकडे चालत निघालं की सकाळचा सूर्य समोर येतो. पाणी चांदीसारखं तापलेलं आणि त्यावर बदकं म्हणजे शाईचे ठिपके. रंगाचा पत्ता नाही. भिगवणला नावाडी आपल्याला सूर्याकडे पाठ करूनच नेतो, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली, की त्या ठिपक्यांपुढे मी पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखा उभा राहिलो. तेवढ्यात एक ठिपका हलला, उलटा झाला, पाण्यात बुडाला, वर आला, आणि वर येताना शेपटीखाली पांढरं चमकलं. मी मोठ्याने म्हणालो, “नयनसरी!”

नयनसरी म्हणजे तांबूस-काळपट रंगाचं, बुडी मारणारं, मोजक्याच संख्येने दिसणारं बदक. नराचा डोळा पांढराशुभ्र, म्हणून हे देखणं नाव. शेपटीखालचा पांढरा ठसा ही तिची सही.

“की लब्भ्या, भाई साहब?” मागून आवाज आला. काय सापडलं?

पंच्याहत्तरीचे सरदारजी. फिकट निळी पगडी, पांढरी दाढी नीट बांधलेली, गळ्यात जुनी जड दुर्बीण. तिचा पट्टा केव्हाच तुटला असावा, कारण त्या जागी पायजम्याची नाडी होती. नहर खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे आपल्या पाटबंधारे खात्यातले. मी ऐटीत नयनसरी दाखवली. त्यांनी दुर्बीण लावली, थोडा वेळ पाहिलं, ‘हूं’ म्हणाले आणि चालू लागले. “चलो, आगे से देखते हैं.”

पाऊण एक तास आम्ही चाललो, मग वळून मागे पाहिलं. आता सूर्य पाठीशी होता आणि त्याच ठिपक्यांवर रंग चढलेला. ते बदक अजून तिथेच बुड्या मारत होतं. सरदारजी म्हणाले, “आंख देखिए.” डोळा पाहिला. पिवळाधमक, पितळेच्या बटणासारखा. आणि मानेमागे, नीट बघितलं तर, केसांचा बुचडा सुटल्यासारखी एवढीशी गाठ. शेंडी बदकाची मादी! नयनसरीच्या मादीचा डोळा काळपट असतो, पिवळा कधीच नसतो. आणि शेंडी बदकाच्या काही माद्यांना शेपटीखाली पांढरं असतं, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं एवढंच.

“रंग छड्डो जी,” सरदारजी म्हणाले, “चाल वेखो.”

रंग सोडा, चाल बघा. पुढचे पाच दिवस त्यांनी मला दुसरं काही शिकवलं नाही.

त्यांची शिकवायची रीत अशी. सूर्य समोर असतानाच चालायचं. एक ठिपका दाखवायचा आणि विचारायचं, बसलाय कसा? शेपटी पाण्याला टेकली की बुडी मारणारं बदक, शेपटी पाण्यावर उचललेली की नुसतं डोकं खाली आणि बूड वर करून चरणारं. बुडी मारणाऱ्याचे पाय पार मागे असतात, म्हणून उडताना त्याला पाण्यावरून धावत जावं लागतं, गावाकडची एसटी ढकलून सुरू करावी तसं. चरणारं मात्र जागच्या जागी सरळ वर उठतं. एवढं कळलं की निम्मी बदकं रंगाशिवायच वेगळी झाली. मग डोकं बघायचं. कपाळ उतरतं उतरतं थेट चोचीत मिसळलं की लालसरी. चोच डोक्याहून मोठी, त्या वजनाने मान खाली आणि सगळे मिळून गोल गोल फिरतायत, तर थापट्या. एकमेकांच्या पायांनी ढवळलेलं पाणी ते चोचीतल्या चाळणीतून गाळतात. पाठ गोल, शेपूट नाहीच, चालताना मान कोंबडीसारखी पुढेमागे, तो वारकरी. चोच आभाळाकडे जराशी उचललेली आणि अंग निम्मं बुडालेलं, तो पाणकावळा.

पाणकावळ्यांचं एक बरं. तीन जातींचे काळे पाणकावळे आमच्या भिगवणलाही एका वाळक्या बाभळीवर बसतात आणि भल्याभल्यांना चकवतात. इथे वसंताने काम सोपं केलं होतं. मोठ्या पाणकावळ्याच्या डोक्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी पांढरी पिसं आली होती आणि मांडीवर पांढरं गोल ठिगळ. लहान पाणकावळा मुळातच बुटका, आखूड चोचीचा, गोल डोक्याचा. राहिला मधला, भारतीय पाणकावळा. बारीक लांब चोच आणि हिरवा-निळा डोळा, पण तो डोळा दिसायला ऊनच हवं.

बगळ्यांनी मात्र घात केला. मोठा बगळा आणि मध्यम बगळा दोघेही हिवाळ्यात पिवळ्या चोचीचे, आणि विणीच्या हंगामात दोघांचीही चोच काळी होत जाते. लहान बगळ्याची तर बारा महिने काळी. म्हणजे वसंतात तिघेही काळ्या चोचीचे होऊ शकतात. मी चोचीवर विसंबून तीन वेळा चुकलो. मग सरदारजींनी तोंडाची फट दाखवली. मोठ्या बगळ्याची जिवणी डोळ्याच्या मागेपर्यंत चिरलेली असते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. रंग ऋतूबरोबर बदलतो, जिवणी कशी बदलेल?

पण माझा खरा आठवडा गेला माद्यांमध्ये.

आपल्याकडे बदकं येतात ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा नरही मळकट, तपकिरी असतात. विणीनंतर बदकाची उडायची पिसं एकदमच झडतात. काही आठवडे त्याला उडता येत नाही, म्हणून भडक वेश उतरवून ते लव्हाळ्यांमध्ये लपून बसायच्या कपड्यांत राहतं. तसंच ते आपल्याकडे येतं. मग आपल्याच पाण्यावर हळूहळू सजतं. मी इतकी वर्षं त्यांना येताना जास्त पाहिलं होतं आणि जाताना कमी. इथे, डोंगराच्या पायथ्याशी, मार्चच्या शेवटी, सगळी वरात सजून उभी होती. थापट्याचं डोकं बाटलीच्या काचेसारखं हिरवं, कुशी विटकरी. भुवई बदकाच्या डोळ्यावरची ती पांढरी भुवई, डोळ्याच्या पुढून थेट मानेपर्यंत, एखाद्या रांगोळीवालीने एका दमात ओढावी तशी. नर ओळखायला लहान मूलही पुरे.

आणि प्रत्येक नराशेजारी एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, काही खास नसलेली मादी. थापट्याची, गडवालची, तलवार बदकाची, चक्रांगाची, भुवईची, सगळ्यांच्या माद्या एकाच गोणपाटातून कापल्यासारख्या. यातही तर्क आहे. घरट्यावर मादी एकटीच बसते. नर बहुतेक वेळा अंडी घातल्यावर निघून जातो. गवतात बसलेली मादी गवतासारखीच दिसायला हवी, नाहीतर कोल्ह्याला आमंत्रण. आणि नर इतका वेगवेगळा का, तर मादीने चुकून दुसऱ्या जातीचा नवरा करू नये म्हणून. बरीच जोडपी हिवाळ्यातच, आपल्याच पाण्यावर जमतात. मग ती मादी ज्या गावी जाईल तिकडे नर तिच्या मागे जातो. घरजावईच.

मला दोन माद्यांनी पार दमवलं, चक्रांगाची आणि भुवईची. दोघी सारख्याच लहान. नर सोबत असेल तर प्रश्न नाही, पण त्या दिवशी चार माद्या शिंगाड्याच्या पानांत स्वतंत्र चरत होत्या, नवरे कुठे भटकत होते कोण जाणे. सरदारजी बाकड्यावर बसले, थर्मास काढला, मला वेलचीचा चहा दिला आणि म्हणाले, “अब देखो.”

मी पाहिलं. वीस मिनिटं पाहिलं. इतका वेळ मी भिगवणलाही एका तपकिरी मादीकडे कधी पाहिलेलं नाही, तिथे रोहित पक्षी सोडून मादीकडे कोण बघतो? पहिल्या पाच मिनिटांत काही नाही. मग एकीच्या चेहऱ्यावर रेघा दिसायला लागल्या. डोळ्यातून जाणारी एक काळी रेघ, तिच्या वर फिकट, खाली फिकट, गालावर आणखी एक काळसर पट्टी, आणि चोचीच्या मुळाशी एक फिकट ठिपका, जणू बोटाने पीठ लावलंय. दुसरीचा चेहरा मात्र पुसट, साधा. तिने शेपटी वळवली तेव्हा बाजूला एक बारीक पांढरट रेघ दिसली. पट्ट्यापट्ट्यांच्या चेहऱ्याची भुवई, शेपटीशी रेघ असलेली चक्रांग. शेवटची शंका चहा संपताना फिटली. चौघी एकदम उडाल्या आणि साध्या चेहऱ्याच्या दोघींच्या पंखावर हिरवा आरसा चमकला.

गडवालच्या मादीला असा त्रास द्यावा लागत नाही. तिच्या पंखात पांढरी चौकोनी खिडकी असते, बसलेली असतानाही कधी कधी कोपरा डोकावतो. पण हे सगळं मला पूर्वीच माहीत होतं, पुस्तकातल्या बाणांसकट. बाण काढून घेतले की काय उरतं, ते सुखनावर कळलं.

तिसऱ्या दिवशी सरदारजींनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? समोर वारकऱ्यांचा मोठा थवा होता, काळाकुट्ट, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठसा. मी सांगितलं, वारकरी. वारकरी म्हणजे? मग पंढरीची वारी सांगितली, टाळ-मृदंग, कपाळावरचा गंध-बुक्का, दरवर्षी त्याच वाटेने, त्याच तिथीला जाणं. ज्ञानोबा, तुकोबा त्यांना माहीत नव्हते. नामदेव म्हटलं आणि सरदारजींनी दुर्बीण खाली ठेवली. “भगत नामदेव जी? घुमान वाले?”

गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान. नामदेवरायांनी उत्तरायुष्यात जिथे मुक्काम केला ते गाव. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. २०१५ साली तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. शाळेच्या रजेचं जमलं नाही म्हणून मी गेलो नव्हतो. सरदारजींना मराठीचा गंध नाही, पण नामदेवांची पदं लहानपणापासून कानावरची. त्यांनी पाण्यावरच्या त्या काळ्या पक्ष्यांना हात जोडले, अगदी सहज, आणि म्हणाले, “फेर तां एह साडे वी रिश्तेदार होए.” मग हे आमचेही नातेवाईकच झाले की.

वारकऱ्याच्या बाबतीत ओळखायची अडचण फारशी नसते. पाणकोंबडीच्या कपाळावर लाल ठसा असतो, चोचीचं टोक पिवळं. तरी अंधुक उजेडात मी एकदा गल्लत केली. सरदारजी म्हणाले, टिळ्याचा रंग चुकला तर पंथ बदलतो. असले टोमणे ते फार गंभीरपणे मारत.

आपल्या नावांचा मला त्या आठवड्यात नव्याने अभिमान वाटला, हे कबूल करतो. चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके म्हणून हळदी-कुंकू बदक. हे नाव ज्याने ठेवलं त्याला वेगळं ओळखपुस्तक लागत नाही. मारुती चितमपल्लींनी रानात राहणाऱ्यांच्या तोंडची अशी किती नावं ‘पक्षीकोशा’त नोंदून ठेवली. नाव हीच खूण. मी सरदारजींना हळदी-कुंकवाचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी आपल्या वहीत गुरुमुखीत ते लिहून घेतलं.

ती वही मला बघायला मिळाली. रकाने आखलेले, तारीख, वेळ, वारा, जात, संख्या. आणि सगळ्यात उजवीकडे, लाल शाईत, एक रकाना: ‘पता नहीं’. तो रोज भरलेला असे. मी माझ्या वहीत असा रकाना कधीच ठेवला नव्हता. न ओळखलेलं पाखरू मी एकतर जवळच्या नावाला चिकटवायचो, नाहीतर नोंदवायचोच नाही.

चौथ्या दिवशी आम्ही रेग्युलेटरच्या टोकाशी गेलो. तिकडे पाणी उथळ होत जातं. शिवालिकची माती ठिसूळ, दर पावसाळ्यात गाळ येतो. नहर खात्याच्या माणसाला गाळाचं दुःख विचारू नये, सरदारजी अर्धा तास बोलले. १९८८ पासून चंदीगडकरांनी घमेली उचलून श्रमदानाने गाळ काढला, वर टेकड्यांत बंधारे घातले, झाडं लावली, पुढे त्या सव्वीसेक चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. २०२० मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखनाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला. तळ्याला हक्क असतात हे ऐकून मला आधी हसू आलं, मग उजनी आठवली आणि हसू गेलं.

पण त्याच गाळावर, कुंपणापलीकडे, तुतवार चरत होते. माणसाला नकोसा असलेला चिखल त्यांचं ताट.

तुतवार हे पाखरू म्हणजे पक्षीनिरीक्षकाची परीक्षा. साळुंकीएवढा, वरून तपकिरी, खालून पांढरा, काठाकाठाने शेपटी हलवत चालणारा. एकाच चिखलावर तीन बहिणी, साधा तुतवार, हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी. साध्या तुतवाराला सरदारजींच्या सूत्राने लगेच पकडलं. तो सारखा बूड नाचवतो, आणि उडतो तेव्हा पाण्याला चिकटून, पंख खाली वाकवून, थरथरत आणि मध्येच तरंगत. घडी केलेल्या पंखापुढे छातीच्या बाजूने पांढरा कोपरा वर चढलेला असतो. हा हिमालयातच, काश्मीर-लडाखच्या ओढ्यांवर वीण घालतो, त्याचं गाव तसं जवळच.

उरल्या दोघी. एक मघापासून एकटीच, काठाच्या नालीत. काळपट पाठ, आखूड पाय, भुवई फक्त डोळ्याच्या पुढे, मागे नाही. दुसऱ्या पाचसहाजणी मोकळ्या चिखलावर एकत्र, पाठीवर खडीसाखरेचे कण विखुरल्यासारखे ठिपके, पाय पिवळसर आणि उंच, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत. मी मनाशी म्हटलं, एकटी ती हिरवी, घोळक्यातल्या ठिपकेवाल्या. पण बोललो नाही. चार दिवसांत तेवढं शिकलो होतो. थोड्या वेळाने वर घार आली आणि सगळ्या उठल्या. एकटी उडाली ती काळी-पांढरी, पंखांच्या खालून जवळजवळ काळी, कमरेवर लख्ख पांढरी, आणि तीक्ष्ण शीळ घालत उंच चढली. घोळक्याच्या पंखांची खालची बाजू फिकट होती आणि आवाज वेगळा, ‘चिफ् इफ् इफ्’. आता बोललो. सरदारजींनी मान हलवली. शाळेत तपासनीसाने वर्गाला ‘छान’ म्हटल्यावर मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

त्या हिरव्या तुतारीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शेताच्या ओढ्यावर ऑगस्टमध्ये जी पहिली परदेशी पाहुणी येते ती हीच. चिखलात फिरणारं पाखरू म्हणून आपण तिला ओळखतो. ती वीण घालते उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलात, आणि अंडी जमिनीवर घालत नाही, झाडावर, कस्तुरासारख्या पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात घालते. पिल्लं तिथून उडी मारून खाली येतात. उभ्या जन्मात मी तिला झाडावर कल्पिलं नव्हतं.

हंसांसाठी मला पोंग धरणावर जायला हवं होतं, असं सरदारजी म्हणत राहिले. हिमाचलात, बियास नदीवर. पट्टकादंब तिथे हजारोंनी उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडताना ७ हजार मीटरच्या वरून गेल्याच्या नोंदी आहेत. त्यांचं रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतं, आणि एकदम उंच जाऊन सरळ उडण्याऐवजी ते डोंगराच्या चढउताराबरोबर खालीवर होत जातात. वारा शांत असतो म्हणून चढाई बऱ्याचदा रात्री. भिगवणला ते चिखलात कसे आळसावलेले बसतात! ते ढेंग टाकून चालणारं पाखरू हे करतं, हे भाच्याच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं तेव्हा भाचेसून म्हणाली, “मामा, तुम्ही पोळी गार करताय.”

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघे बाकड्यावर बसलो होतो. सूर्य आता पाठीशी होता, पाणी शांत. थापट्यांचा एक घोळका सकाळपासून अस्वस्थ होता. चरता चरता मान वर, पुन्हा चरणं, पुन्हा मान वर. अंधार पडू लागला आणि कसौलीचे दिवे एकेक लागले. तेव्हा ते उठले. पाण्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, दुसऱ्या फेरीत उंची वाढली, आणि तिसरी फेरी झालीच नाही. टेकड्यांकडे निघून गेले. हिरवी डोकी, विटकरी कुशी, काही दिसलं नाही. जड चोच, आखूड मान, भराभर पंख. मी म्हणालो, “थापट्या.” सरदारजी म्हणाले, “ते तां होए. पर पिच्छे वाले तिन्न?”

मागे खरंच तीन होते, जरा वेगळे, मान लांब. मी मोजलेच नव्हते. तलवार असतील, गडवाल असतील. अंधार झाला होता.

आम्ही दिव्याखाली वह्या काढल्या. मी निघायच्या आधी माझ्या वहीतही उजवीकडे एक रकाना आखला होता. त्या दिवशीचा माझा आकडा, अनोळखी: सात. सरदारजींच्या लाल शाईत अकरा होते.